'हा धडा घरी वाचा' ते सापशिडी: अवघड विषयांवर मुलांशी खेळातून कसं बोलतात?

दहावीच्या विज्ञानाच्या दुसऱ्या भागात 'सजीवांतील जीवनप्रक्रिया भाग २' हा धडा आहे. त्यात मानवी प्रजनन येतं. हा धडा आला की अनेक वर्गांत काय होतं, हे शाळेत गेलेल्या बहुतेकांना आठवत असेल. मागच्या बाकांवर खसखस पिकते, पुढच्या बाकांवरच्या माना खाली जातात. मग सर किंवा मॅडम फळ्याकडे तोंड करून म्हणतात, "हे घरी वाचून घ्या. परीक्षेला आकृती येते."

आकृती घरी पाठ होतेही. पण मासिक पाळी, शरीरातले बदल, नकोसा स्पर्श, मोबाइलवरून येणारी धमकी, व्यसन, मनात येणारे टोकाचे विचार याबद्दल काही विचारायचं असेल तर मुलांनी कोणाकडे जायचं? घरी विचारायची हिंमत होत नाही, शाळेत विषय निघत नाही. मग उरतो हातातला फोन आणि त्यावर जे समोर येईल ते.

ही कोंडी फोडण्यासाठी अनेक देशांतले शिक्षक आणि समुपदेशक एक साधं साधन वापरतात. ते म्हणजे खेळ. मुंबईतल्या महापालिका शाळांपासून हरयाणातल्या सरकारी शाळांपर्यंत त्याचे प्रयोग झाले आहेत. ही पद्धत नेमकी कशी चालते, तिचा उपयोग किती होतो आणि ती कुठे अंगाशी येऊ शकते, ते समजून घेऊया.

अडचण नेमकी कोणाची?

केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ मध्ये बाल अत्याचारांवरचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. १३ राज्यांतल्या १२,४४७ मुलांशी त्यासाठी बोलणं झालं होतं. त्यातल्या ५३.२२ टक्के मुलांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारच्या लैंगिक अत्याचाराला सामोरं गेल्याचं सांगितलं. अत्याचार करणाऱ्यांत ओळखीच्या आणि विश्वासातल्या माणसांचं प्रमाण मोठं होतं. आणि बहुतेक मुलांनी ही गोष्ट त्याआधी कोणालाही सांगितली नव्हती.

योगायोग असा, की त्याच २००७ मध्ये महाराष्ट्रासह काही राज्यांनी शाळांमधला किशोरवयीन शिक्षण कार्यक्रम थांबवला. त्यातली चित्रं आणि भाषा आपल्या संस्कृतीला धरून नाहीत, असा आक्षेप होता. पुढे २०१२ मध्ये पॉक्सो कायदा आला. सप्टेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बाल लैंगिक शोषणाच्या चित्रफितींसंबंधीच्या निकालात लैंगिक शिक्षणाबद्दलचे गैरसमज दूर करण्याची गरज मांडली. धोरण असं मागे-पुढे होत राहिलं. वर्गात उभं राहून बोलायचं काम मात्र शिक्षकांवरच राहिलं.

आणि खरी अडचण तिथेच आहे. शिक्षकही याच समाजात वाढलेले असतात. त्यांच्या शाळेतही हा धडा 'घरी वाचा' म्हणूनच संपलेला असतो. एखादा शब्द मोठ्याने उच्चारला तर मुलं हसतील, पालक तक्रार करतील, मुख्याध्यापक बोलावतील, ही भीती असते. त्यामुळे खेळाची गरज मुलांइतकीच शिक्षकांनाही असते.

खेळच का?

महाराष्ट्रात ही कल्पना अजिबात नवी नाही. भोंडला किंवा मंगळागौरीचे खेळ आठवून पाहा. ज्या घरात सुनेला सासूसमोर मान वर करायची मुभा नव्हती, त्याच घरात फेर धरून, फुगडी घालून सासू, नणंद, नवरा यांच्या कागाळ्या गाण्यांतून खुलेआम केल्या जात. कोणी जाब विचारलाच तर उत्तर तयार असे: हे तर गाणं आहे, मी कुठे म्हणतेय?

सापशिडीचं मूळही असंच आहे. मोक्षपट या जुन्या खेळात शिड्या सद्गुणांच्या आणि साप दुर्गुणांचे असत. हा खेळ संत ज्ञानेश्वरांनी रचला, असं परंपरेने मानलं जातं. काय चांगलं आणि काय वाईट, हा गंभीर विषय तिथे कवड्या टाकत शिकवला जाई.

आजच्या वर्गातही खेळ तीन कामं करतो.

पहिलं, मुलाला आडोसा मिळतो. "तुझ्याशी कधी असं कोणी वागलंय का?" या थेट प्रश्नावर बहुतेक मुलं गप्प बसतील. "या गोष्टीतल्या मुलाने आता काय करावं?" असं विचारलं तर हात वर होतात. मूल दुसऱ्याबद्दल बोलतं, पण विचार स्वतःचा करतं.

दुसरं, शिक्षकालाही आडोसा मिळतो. अवघड शब्द शिक्षकाच्या तोंडून अचानक येत नाही. तो खेळाच्या कार्डावर छापलेला असतो, पेटीतल्या चिठ्ठीवर लिहिलेला असतो. सगळ्यांनी मिळून तो एकदा वाचला की दुसऱ्यांदा उच्चारताना तितकं अवघड वाटत नाही.

तिसरं, चूक करून पाहता येते. खऱ्या आयुष्यात चुकीचा फोटो पाठवला की तो परत घेता येत नाही. खेळात मात्र 'पुन्हा सुरुवातीपासून' म्हणता येतं.

वर्गात कोणते खेळ घेतात?

प्रश्नपेटी: चपलेच्या खोक्याला वर चीर पाडली की पेटी तयार. वर्गातल्या प्रत्येकाने नाव न लिहिता एक चिठ्ठी टाकायची. ज्याला काही विचारायचं नाही त्यानेही 'प्रश्न नाही' असं लिहून चिठ्ठी टाकायची. हा नियम महत्त्वाचा आहे. नाहीतर कोण लिहितंय, यावरच सगळ्यांचं लक्ष जातं. शिक्षक चिठ्ठ्या घरी नेऊन वाचतात आणि उत्तरांची तयारी करून दुसऱ्या दिवशी येतात. सगळ्यांसमोर घेण्यासारखी नसलेली चिठ्ठी आधीच बाजूला काढता येते.

खडूची रेघ: वर्गाच्या मधोमध रेघ मारायची. एक बाजू 'पटतं', दुसरी 'पटत नाही'. शिक्षक एक वाक्य वाचतात. उदाहरणार्थ, 'मुलांनी रडू नये' किंवा 'पाळीच्या दिवसांत मुलींनी खेळू नये'. मुलं आपापली बाजू निवडतात, कारण सांगतात आणि एखाद्याचं म्हणणं पटलं तर रेघ ओलांडतात. मत बदलणं इथे हार मानली जात नाही, हे मुलांना प्रत्यक्ष दिसतं.

पाण्याचे पेले: एचआयव्हीसारखा संसर्ग नकळत कसा पसरतो, हे दाखवणारा हा खेळ. ४० मुलांच्या हातात पाण्याचे पेले. त्यातल्या फक्त एकात खाण्याचा सोडा मिसळलेला, पण कोणत्या ते कोणालाच ठाऊक नाही. मुलं जोड्या करून आपापलं पाणी एकमेकांच्या पेल्यात मिसळतात आणि पुन्हा वाटून घेतात. पहिल्या फेरीनंतर सोडा २ पेल्यांत, दुसरीनंतर ४, तिसरीनंतर जास्तीत जास्त ८ पेल्यांत पोहोचतो. शेवटी प्रत्येक पेल्यात चिमूटभर हळद टाकली की सोड्याचं पाणी लालसर होतं. नुसतं बघून संसर्ग ओळखता येत नाही, तो चाचणीतूनच कळतो, हा मुद्दा भाषणाशिवाय पोहोचतो. या खेळाला एक धोकाही आहे. तो पुढे पाहू.

थांबा, पुन्हा सुरू करा: ही फोरम थिएटरची पद्धत. ब्राझीलचे नाट्यकर्मी ऑगस्तो बोआल यांनी १९७० च्या दशकात 'शोषितांची रंगभूमी' या विचारातून ती विकसित केली. भारतात पश्चिम बंगालमधल्या 'जन संस्कृती' या संस्थेने ती गावोगावी नेली. यात एक अन्यायाचा प्रसंग करून दाखवतात. मग तोच प्रसंग पुन्हा सुरू होतो. या वेळी प्रेक्षकांपैकी कोणीही 'थांबा' म्हणून पुढे येतं, अडचणीत सापडलेल्या पात्राची जागा घेतं आणि वेगळं वागून पाहतं.

समजा, नववीच्या वर्गात असा प्रसंग आहे. एका मुलीने ऑनलाइन ओळख झालेल्या मुलाला फोटो पाठवला आणि आता तो धमकी देतोय. एक विद्यार्थिनी पुढे येते आणि त्याला ब्लॉक करते. दुसरा म्हणतो, मैत्रिणीला सांगूया. तिसरी म्हणते, आईला सांगूया. पण 'आई' झालेली मुलगी लगेच ओरडते, "आधी तो फोन दे इकडे!" वर्ग हसतो. मुलं घरी का सांगत नाहीत, याचं उत्तर शिक्षकांना त्या एका वाक्यात मिळतं.

या खेळाचा एक महत्त्वाचा संकेत म्हणजे धमकी देणाऱ्याचं पात्र बदलायचं नाही. खऱ्या आयुष्यात तो माणूस जादूने सुधारत नाही. त्याच्यासमोर आपण काय करू शकतो, एवढंच तपासायचं असतं.

मुंबईत आणि हरयाणात काय दिसलं?

खेळ घेतल्याने खरंच काही बदलतं का, याचं उत्तर देणारे दोन मोठे प्रयोग भारतातच झाले आहेत.

पहिला मुंबईतला. २००८ मध्ये आयसीआरडब्ल्यू ही संशोधन संस्था, मुंबईची 'कोरो' ही संस्था आणि टाटा सामाजिक विज्ञान संस्था यांनी मिळून 'जेम्स' हा उपक्रम सुरू केला. मुंबई महापालिकेच्या ४५ शाळांतली सहावी-सातवीची मुलंमुली त्यात होती. घरातलं कोणतं काम कोणी करायचं, मारहाण म्हणजे काय, वयात येताना काय बदलतं, हे विषय खेळ, भूमिका, चर्चा आणि 'जेम्स डायरी' नावाच्या वहीतून घेतले गेले. उपक्रमानंतरच्या प्रश्नावल्यांमध्ये समानतेच्या बाजूची उत्तरं वाढलेली दिसली. मुलीचं लग्न १८ वर्षांनंतरच व्हावं आणि घरकामात मुलांनीही हात लावावा, असं म्हणणाऱ्यांचं प्रमाण वाढलं. पुढे राज्य सरकारने या उपक्रमातले काही घटक सुमारे २५ हजार शाळांसाठीच्या आपल्या कार्यक्रमात घेतले.

दुसरा प्रयोग हरयाणातला. 'ब्रेकथ्रू' या संस्थेचा 'तारों की टोली' हा कार्यक्रम अडीच वर्षं चालला. दर काही आठवड्यांनी ४५ मिनिटांचा एक तास, त्यात चर्चा, खेळ आणि भूमिका. अर्थतज्ज्ञांनी ३१४ सरकारी शाळा आणि सुमारे १४ हजार विद्यार्थी घेऊन त्याची चाचणी केली. काही शाळांत कार्यक्रम झाला, काहींत नाही, आणि दोन्हींची तुलना केली गेली. २०२२ मध्ये 'अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू' या नियतकालिकात निष्कर्ष प्रसिद्ध झाले. विषमतेच्या बाजूच्या मतांपैकी साधारण १६ टक्के मतं समानतेकडे वळली होती आणि कार्यक्रम संपून दोन वर्षं झाल्यावरही हा बदल टिकून होता. मुलांनी घरकामात जास्त वाटा उचलत असल्याचं सांगितलं.

म्हणजे परिणाम होतो. पण तो एका दिवसाच्या कार्यशाळेने होत नाही, अडीच वर्षांच्या सातत्याने होतो.

मोबाइल गेमने हे काम होईल का?

काही प्रमाणात. कोलकात्याच्या कलाकार लीना केजरीवाल यांच्या पुढाकारातून २०१६ मध्ये 'मिसिंग' हा गेम आला. त्यात खेळणारा मानवी तस्करीत अडकलेल्या मुलीच्या जागी असतो आणि सुटकेचे मार्ग शोधतो. २०२२ मध्ये हिंदीत 'गो निशा गो' आला. किशोरवयीन मुलींसाठीच्या या गेममध्ये निशा नावाच्या मुलीच्या वतीने आरोग्य, नाती, शिक्षण याबद्दलचे निर्णय घ्यायचे असतात.

मर्यादा मात्र लक्षात ठेवायला हव्यात. अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या संशोधकांनी ११ ते १४ वयोगटातल्या ३३३ मुलांवर 'प्लेफॉरवर्ड' या एचआयव्ही प्रतिबंधाच्या गेमची चाचणी केली. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत मुलांची माहिती वाढली आणि दृष्टिकोन सुधारला, पण लैंगिक संबंध सुरू होण्याच्या वयावर ठळक परिणाम दिसला नाही. गेम माहिती देतो. "तुला काय वाटलं?" असं विचारायला माणूसच लागतो.

खेळ कुठे बिघडतो?

पाण्याच्या पेल्यांचा खेळ पुन्हा पाहू. पेले लाल झाले, मुलांनी टाळ्या वाजवल्या आणि घंटा झाली, तर मुलं घरी काय घेऊन जातील? 'एकाचं पाणी दुसऱ्याने घेतलं की एचआयव्ही होतो.' ही साफ चुकीची समजूत आहे. एचआयव्ही पाण्यातून, एकत्र जेवल्याने किंवा हात मिळवल्याने पसरत नाही. शिवाय ज्यांचे पेले लाल झाले त्यांना मधल्या सुट्टीत चिडवलं गेलं, तर भेदभाव कमी करायला घेतलेला खेळ भेदभावच शिकवून जाईल.

म्हणून खेळानंतरची चर्चा हा या पद्धतीचा कणा मानला जातो. ४० मिनिटांच्या तासात २० मिनिटं खेळ असेल, तर उरलेली २० बोलण्यासाठी राखून ठेवावी लागतात. काय झालं, काय वाटलं, खऱ्या आयुष्यात काय वेगळं असतं, हे तीन प्रश्न तरी घ्यावेच लागतात.

आणखी काही पथ्यं आहेत. 'मला खेळायचं नाही' म्हणण्याचा हक्क प्रत्येकाला असावा आणि त्याचं कारण विचारू नये. पात्रांना वर्गातल्या कोणाचं नाव देऊ नये. गुन्हेगाराची भूमिका एकाच मुलाला वारंवार देऊ नये, तेच टोपणनाव चिकटतं. भूमिका संपली की 'आता तू पुन्हा तूच' असं म्हणून मुलांना त्यातून बाहेर आणावं. आत्महत्येसारख्या विषयाचा प्रसंग करून दाखवू नये. मदत कशी मागायची आणि मित्राचं कसं ऐकायचं, याचाच सराव घ्यावा. गुण, 'आउट' आणि बक्षिसं तर या खेळात नकोतच.

खेळता खेळता मूल खरं बोललं तर?

हा सगळ्यात नाजूक क्षण. रेघेवर उभी असलेली एखादी मुलगी तास संपल्यावर मागे रेंगाळते आणि म्हणते, "मॅडम, त्या गोष्टीतल्यासारखं माझ्यासोबत झालंय. पण कोणाला सांगू नका."

इथे खेळ संपतो आणि कायदा सुरू होतो. पॉक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार, १८ वर्षांखालच्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर त्याची माहिती विशेष बाल पोलीस पथकाला किंवा स्थानिक पोलिसांना देणं बंधनकारक आहे. माहिती न दिल्यास कलम २१ नुसार सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या व्यक्तीचा गुन्हा दडवला तर कैद एक वर्षापर्यंत असू शकते. सद्हेतूने माहिती देणाऱ्याला कायद्याचं संरक्षण आहे.

म्हणून 'कोणालाही सांगणार नाही' असं वचन शिक्षकाने देऊ नये. "तू सांगितलंस हे चांगलं केलंस. यात तुझी चूक नाही. तुला सुरक्षित ठेवण्यासाठी मला हे मदत करणाऱ्या माणसांना सांगावं लागेल," असं म्हणावं. खोदून खोदून प्रश्न विचारू नयेत, पुन्हा पुन्हा सांगायला लावू नये आणि मुलाचं नाव स्टाफरूममध्ये नेऊ नये.

एक पेच मात्र राहतो. कायद्याने १८ वर्षांखालची संमती ग्राह्य नाही. त्यामुळे दोन किशोरवयीन मुलांमधलं परस्पर संमतीचं लैंगिक नातंही कायद्याच्या कक्षेत येतं. मुलांनी मोकळेपणाने बोलावं असं वाटणारे शिक्षक इथे अडतात. यावरचा प्रामाणिक उपाय एकच. पहिला खेळ सुरू होण्याआधीच मुलांना स्पष्ट सांगायचं, की कोणत्या गोष्टी वर्गात राहतील आणि कोणत्या पुढे सांगाव्याच लागतील.

शाळेला सुरुवात कुठून करता येईल?

त्यासाठी नवीन विषय आणायची गरज नाही. आयुष्मान भारत योजनेअंतर्गत २०२० मध्ये सुरू झालेल्या शालेय आरोग्य कार्यक्रमात प्रत्येक शाळेतल्या दोन शिक्षकांना प्रशिक्षण देऊन आठवड्याला एक तास घेण्याची तरतूद आहे. त्यातल्या ११ विषयांत मानसिक आरोग्य, नातेसंबंध, लिंगभाव समानता, व्यसनं, प्रजनन आरोग्य, हिंसेपासून सुरक्षितता आणि इंटरनेटचा सुरक्षित वापर हे सगळं येतं. तास वेळापत्रकात आहे. तो गणिताला दिला जाऊ नये, एवढं पाहायला हवं.

आधी पालकसभेत तेच खेळ पालकांसोबत खेळणं हा एक चांगला मार्ग आहे. खडूच्या रेघेवर स्वतः उभं राहिलं की 'हे नको ते शिकवतायत' ही शंका बरीच कमी होते. पहिला विषयही सर्वात अवघड नसावा. राग, भीती, चिडवणं, मैत्री यांपासून सुरुवात केली की पेटीतल्या चिठ्ठ्या हळूहळू पुढच्या विषयांकडे जातात.

खर्च म्हणाल तर चपलेचं खोकं, खडू, काही पेले आणि हळद. महाग आहे तो वेळ, आणि चिठ्ठीतला प्रश्न वाचून न बिचकण्याचा सराव. सुरुवात म्हणून, ज्या तासाला 'घरी वाचा' म्हटलं जातं, त्याच तासाला टेबलावर एक रिकामी पेटी ठेवता येईल.

मदत कुठे मिळेल?

संकटातल्या मुलांसाठी किंवा मुलांबद्दल माहिती देण्यासाठी चाइल्ड हेल्पलाइन १०९८ दिवसरात्र सुरू असते. मानसिक त्रास, ताण किंवा टोकाचे विचार येत असतील तर टेली-मानस १४४१६ या क्रमांकावर बोलता येतं. तातडीच्या पोलीस मदतीसाठी ११२.